पाळण्याबाहेरचा माईक

आधी माझी बाजू सांगते, म्हणजे पुढचं वाचताना मला कुठल्या रांगेत बसवायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी भुताखेतांवर विश्वास न ठेवणारी बाई आहे. नुसती न ठेवणारी नाही... ठेवणाऱ्यांची पंचाईत करणारी. बीदरमध्ये माझा छोटा साउंड स्टुडिओ आहे. भजनी मंडळं, लग्नाची गाणी, शाळेचे ऑडिओ धडे, निवडणुकीच्या रिक्षांच्या घोषणा, जे येईल ते रेकॉर्ड करते. आणि आवाजाचं काम करते म्हटल्यावर लोक मोबाइल घेऊन येतात — ‘मॅडम, हे ऐका, हे माणसाचं नाही.’ मी ऐकते. बहुतेक वेळा तो फ्रिज असतो.

एकदा गाणगापूरच्या एका लॉजवाल्यानं बोलावलं होतं. त्याच्या एका खोलीत म्हणे कुणीतरी खडावा घालून चालतं. जाऊन बघितलं, तर गच्चीवरची टाकी भरत आली की पाण्याचा पाइप भिंतीवर आपटत होता. क्लॅम्प मारले, खडावा थांबल्या. मालक खूश होईल असं मला वाटलं होतं, पण तो बिचारा पडेल चेहऱ्यानं उभा राहिला. त्या खोलीला मागणी जास्त होती.

तर अशी मी. आता जे लिहितेय ते लिहायला मला बरेच महिने लागले, कारण यात पाइप सापडलेला नाही.

थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल. कंटाळा आला तरी एवढं सोडू नका, नाहीतर पुढचं कळणार नाही. माईक दोन वाटांनी ऐकतो. एक हवेतून, आपण ऐकतो तसा. दुसरी वाट पायातून. माईक स्टँडवर, स्टँड जमिनीवर. शेजारच्या खोलीत कुणी पाटा उचलून ठेवला, रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, की तो हादरा जमिनीतून स्टँडवर चढतो आणि रेकॉर्डिंगमध्ये ‘ढब्’ म्हणून उमटतो. आपल्या कानाला तो जाणवतही नाही, माईकला मात्र जाणवतो. म्हणून माईक थेट स्टँडला न बसवता एका कड्यात इलॅस्टिकच्या दोऱ्यांवर अधांतरी टांगतात. हादरा त्या दोऱ्यांत जिरून जातो. त्याला शॉक माउंट म्हणतात. आमच्या मावशीनं त्याला पाळणा म्हटलं, म्हणून मीही यापुढं पाळणाच म्हणते.

हा पाळणा घेताना लोक किंमत बघतात. किंमत बघू नका, माईकचं वजन बघा. जड माईक सैल दोऱ्यांवर टांगला तर तो लोंबून कड्याला टेकतो, मग पाळणा असून नसल्यासारखाच. हलका माईक कडक दोऱ्यांवर टांगला तरी तेच. बोटानं हलवला तर झुलला पाहिजे, पण कुठं शिवता कामा नये. आणि वायरीला एक ढिला वेढा ठेवायचा. ताणलेली वायर म्हणजे चोराला मागचं दार... सगळा हादरा तिच्यातून आत येतो. शिवाय आपल्याकडच्या उन्हात या दोऱ्या फार टिकत नाहीत. माझं सामान पत्र्याच्या खोलीत असतं. एखाद-दोन उन्हाळ्यांत इलॅस्टिक जुन्या परकराच्या नाडीसारखं होतं.

पाळणा आहे म्हणजे जमीन मुकी झाली. माझी सगळी कारागिरी त्यावर उभी आहे. जमिनीनं काही बोलायचं नाही.

आता मावशी. गंगम्मा मावशी ही माझ्या आईची थोरली बहीण. कलबुर्गीहून आळंदच्या रस्त्याला लागलं की कडगंचीच्या अलीकडं एक फाटा फुटतो, तिथून आत त्यांचं शेत. शेतातच घर. आमच्यात निम्मं बोलणं मराठी, निम्मं कन्नड, आणि भांडण कधीकधी उर्दूत. मावशीचे यजमान मल्लप्पा काका तुरीचे शेतकरी. दोघं मिळून पदं म्हणायचे. शिवरात्रीला, श्रावणी सोमवारी, कुणाच्या घरी वास्तुशांत असली तर बोलावणं यायचं. मावशी गायची, काका एकतारी धरायचे. हात एकतारीत गुंतलेले, म्हणून ताल टाचेनं धरायचे.

त्यांच्या घराला शहाबादी फरशी आहे, काकांनी स्वतः बसवलेली. दाराच्या चौकटीला लागून असलेल्या फरशीखाली माल कमी पडला आणि ती पोकळ राहिली. टाच मारली की बाकीच्या फरश्या टक् वाजायच्या आणि ती ढप् वाजायची. मावशी म्हणाली, उखडून परत बसवा. काका म्हणाले, राहू दे, हा आपला डग्गा. मग तीच त्यांची जागा झाली. चौकटीला पाठ टेकून, उजवी टाच त्या फरशीवर. मावशी समोरच्या भिंतीशी बसायची आणि गाताना तोंड त्यांच्याकडं करायची, लोक कुठंही बसलेले असोत.

आणखी एक सवय होती काकांची. पदात मावशीची एखादी ओळ गळली, तर चारचौघांत ते तोंडानं बोलत नसत. टाचेनं दोनदा — ढप्, ढप्. म्हणजे, राहिलं, मागं जा. मावशी मागं जाऊन राहिलेली ओळ उचलायची आणि ऐकणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. पुढं पुढं ही सवय जेवणापर्यंत आली. ताटात मीठ राहिलं की ढप्, ढप्. मावशी म्हणायची, ‘तोंड दिलंय न्हवं देवानं?’ आम्ही पोरं सुट्टीला गेलो की दिवसभर तोच खेळ करायचो.

काका गेले. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, शक्यतो आपल्याच शेतात. घराच्या मागं हाकेच्या अंतरावर एका लिंबाखाली काका बसलेले आहेत. त्यानंतर मावशी गायची थांबली. कुणी आग्रह केला तर म्हणायची, ताल सुटतो.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर सुवर्णाचा, म्हणजे मावशीच्या मुलीचा, फोन आला. नवरा नोकरीला बाहेर, ती आईजवळच राहते. मावशीचा आवाज कितीतरी दिवस बसलेला होता, थंडी म्हणून सोडून दिलं होतं. सोलापूरच्या दवाखान्यात तपासलं, तर निघालं भलतंच. आवाजाची पेटीच काढावी लागणार होती. जीव वाचेल, पण आवाज राहणार नाही.

“रेखाक्का,” ती म्हणाली, “तुझं ते सामान घिऊन ये. अव्वाचा आवाज धरून ठेवायचाय.” मग म्हणाली, “तुरीचं पद तरी. त्ये दुसऱ्या कुणालाच येत न्हाई.”

तुरीचं पद काकांनी रचलेलं. कुठं लिहिलेलं नाही, छापलेलं नाही, दोघांच्या तोंडातच होतं. त्याची गंमत अशी की मावशीनं ते कधी पूर्ण म्हटलेलंच नव्हतं. शेवटच्या ओळीत काकांचं नाव येतं, रचणारा आपलं नाव घालतो तसं. आणि नवऱ्याचं नाव मावशी घेणार कशी? ती तिथं थांबायची आणि शेवटची ओळ काका एकटे म्हणायचे. काका गेल्यावर पद तिथंच अडकून पडलं. सुवर्णानं लहानपणी ती ओळ ऐकली होती, पण निम्मीच आठवत होती. मला तर तेवढीही नाही.

मी ठरल्या दिवशी दुपारी पोचले. मुद्दाम दुपार निवडली, कारण तेव्हा त्यांच्याकडं लाईट जाते. बाकी लोक लाईट यायची वाट बघतात, मी जायची बघते. लाईट गेली की पंखे, फ्रिज, विहिरीवरची मोटर, गावातली गिरणी, सगळं एका दमात गप्प होतं. माझा रेकॉर्डर बॅटरीवर चालतो. तुरीच्या राशी होऊन गेलेल्या, रान मोकळं, म्हैस चरायला गेलेली.

मावशी वाळली होती. आवाज खरवडल्यासारखा यायचा. पण मी पाळण्यात माईक टांगायला लागले तसं तिचं बारीक लक्ष.

“ह्ये पोरगं कामून टांगलंस गं?”

“खालचं काही ऐकून दचकू नये म्हणून.”

“खालचं काय ऐकायचं असतंय त्येला?”

“काहीच नाही. म्हणून तर टांगलं.”

तिला ते पटल्यासारखं दिसलं नाही.

बाजेच्या पायांखाली मी गोधडीच्या घड्या सरकवल्या आणि मावशीला बाजेवर मांडी घालून बसवलं. गाताना तिचा पाय हलला तरी तो जमिनीला लागणार नाही, असा हिशोब. मी स्वतः अनवाणी, माझ्याखाली दुसरी गोधडी. माईक तिच्यासमोर ठेवला आणि लगेच अडचण लक्षात आली. मावशी समोर बघून गाणार नव्हती. ती काकांच्या जागेकडं तोंड करणार, आणि आवाज माझ्या माईकला चुकवून जाणार. मग तिकडच्या बाजूला दुसरा माईक लावला, खबरदारी म्हणून. त्याच्या स्टँडचा एक पाय त्याच चौकटीजवळच्या फरशीवर आला.

आणि दुसरा पाळणा पिशवीतून काढला, तर इलॅस्टिक गेलेलं. हात लावला तशी एक दोरी तुटूनच आली. ऐन वेळी काय करणार? माईक साध्या प्लॅस्टिकच्या क्लिपमध्ये घट्ट बसवला, थेट स्टँडला. म्हटलं, हा काही वापरायची वेळ येणार नाही. हेडफोनवरही मी पाळण्यातलाच माईक ऐकत होते.

सुरू करायच्या आधी सुवर्णानं पुन्हा तोच विषय काढला.

“अव्वा, आज तरी शेवटची ओळ म्हण की.”

“ती माझी न्हाई.”

“अप्पा गेले. आता कोण म्हणणार हाय ती?”

“नगं म्हणू दे कुणी.”

“नाव घ्यायला लाजायलीस व्हय? लग्नात उखाणा घेतलीसच की.”

“उखाणा लोक घ्यायला लावत्यात,” मावशी म्हणाली. “ह्ये पद हाय. ती ओळ त्येंनी आपल्याला ठिवलेली. त्येंच्या ताटातलं मी कसं उचलू?”

सुवर्णाचे डोळे भरले. ती बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिथून ती मला खिडकीतून दिसत होती, ओट्यावरच्या दुसऱ्या बाजेवर पाय वर घेऊन. हेही सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे.

लाईट गेली. एकदम शांत झालं. मावशीनं घसा खाकरला, तोंड चौकटीकडं केलं आणि सुरू केलं.

*तुरीच्या फुला रं, पिवळ्या फुला,*
*कुणी रं शिकविलं हसाया तुला...*

मला वाटलं होतं ताल सुटणार, मी मागून जुळवून घेईन. आवाज तुटत होता, वरचे स्वर लागतच नव्हते, पण ताल... आपण पायऱ्या उतरताना पायाला पायरी माहीत असते ना, तसा. इतक्या वर्षांनी, सोबतीला काही नसताना. मी मनात म्हटलं, शाब्बास मावशे.

*राखणीला बसलो मी रं, पिकाचा धनी येगळा...*

इथं ती थांबली. तिची जागा इथंच संपते. बटणाकडं हात नेला, पण दाबवेना, कारण मावशीचं तोंड अजून चौकटीकडंच होतं. चेहऱ्यावर काही दुःख वगैरे नव्हतं. आपल्याला कुणी काम सांगितल्यावर ‘बरं’ म्हणतो तेव्हा असतो तसा चेहरा. आणि तिनं म्हटलं —

*मल्लप्पा म्हणे, सुगी सरली, मोकळा करा मळा.*

एकदाच. नंतर पदर तोंडाला लावून खोकत राहिली. बाहेर सुवर्णा बाजेवरून उठली होती आणि खिडकीचे गज धरून उभी होती.

खोकला थांबल्यावर मी पाणी दिलं. विचारलं, “मावशे, मघाशी तर नाही म्हणत होतीस.”

“म्हण म्हटल्यावर म्हणायचंच की,” ती म्हणाली आणि तांब्या खाली ठेवला.

मला वाटलं सुवर्णानं गळ घातली, त्याबद्दल बोलतेय. मी सामान आवरलं. जेवून निघाले. मावशीनं नेहमीप्रमाणं शेंगाची चटणी बांधून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत बसले. पाळण्यातला माईक आधी ऐकला. स्वच्छ. कुठं धक्का नाही, ढब् नाही. शेवटच्या ओळीआधीची शांतता अगदी कोरी. मावशी चौकटीकडं वळली होती तिथं आवाज जरा लांब गेलेला, म्हणून दुसऱ्या माईकचा थोडा भाग मिसळावा म्हणून तो उघडला.

त्यात ताल होता.

पहिल्यांदा मी वैतागले. क्लिपमध्ये माईक बसवल्याची शिक्षा, असं म्हटलं. कुणीतरी कुठंतरी काहीतरी आपटत होतं, आणि हादरा फरशीतून चढला. दोन्ही माईक एकावर एक लावून बघितले. पाळण्यातल्यात काही नाही, क्लिपमधल्यात दुसऱ्या ओळीपासून ढप्... ढप्... ढप्. मावशीच्या गाण्याला धरून. ती जिथं श्वासाला थांबते तिथं थोडं रेंगाळून. आपटणारा माणूस गाणं ऐकत होता, एवढं नक्की.

मग शेवटच्या ओळीआधीची ती शांतता आली. ताल थांबला. काही नाही. काही नाही. आणि मग दोनदा. ढप्, ढप्.

आणि मावशीचा आवाज, काकांचं नाव घेत.

मी हेडफोन काढून ठेवला आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिले. विमानतळाकडून सरावाचं विमान घोंगावत गेलं. समोरच्या दुकानात कुणीतरी उधारीवरून भांडत होतं. ते सगळं ऐकून बरं वाटलं. भीती वाटली का, असं विचाराल तर नाही. मला माझाच राग आला होता. नीट काम न केल्याचा. कारण नीट केलं असतं, पाळणा धड असता, तर हे मला कधीच कळलं नसतं.

सुवर्णाला फोन केला. आडून आडून विचारलं, काल आपण रेकॉर्डिंग करत होतो तेव्हा मागं कुणी कुटत होतं का, खुंटी ठोकत होतं का.

“कोण ठोकणार? घरात आपुनच तिघी. कामून?”

“टाच वाजल्यासारखं आलंय.”

तिकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “शेवटाला दोनदा वाजलं?”

मी तिला काही सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडून नुसतंच ‘व्हय’ निघालं.

“अव्वाला सांगू नगंस,” ती म्हणाली. “ऑपरेशन होऊ दे.”

ऑपरेशन झालं. नीट झालं. मावशी घरी आली, गळ्याला भोक, त्यावर पांढरं कापड. बोलणं खुणांनी. मी भेटायला गेले तेव्हा दोन्ही माईक घेऊन गेले, दुसऱ्यासाठी घेतलेला नवा पाळणा मुद्दाम घरी ठेवून. पहिल्याला तोच पाळणा, दुसऱ्याला तीच क्लिप, तेच स्टँड, त्याच जागा. मावशी आतल्या खोलीत झोपली होती. सुवर्णाला म्हटलं, चल, मला जरा फरशी वाजवून दे.

एकेक फरशी तिनं टाचेनं वाजवली. टक्, टक्, टक्. चौकटीजवळची वाजवली, ढप्. घरी नेऊन जुळवायचीही गरज नव्हती. तीच फरशी. त्या दुपारी ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि स्टँडच्या एका पायाशिवाय तिच्यावर काही नव्हतं.

मग मी माझी शंका काढली. उन्हानं दगड टिचतात, पोकळ फरशी थोडी वर-खाली होते, हे मी ऐकलंय. पण ऊन तालात टिचत नाही, आणि गाणारी थांबली म्हणून थांबत नाही. मोटर? लाईट नव्हती. म्हैस? रानात. मावशीचा पाय? बाजेवर, बाजेखाली गोधडी. सुवर्णाचा? बाहेर ओट्यावर, तोही बाजेवर. माझा? मी त्या दिवशी इतकी ताठ बसले होते की दुसऱ्या दिवशी कंबर धरली.

आणि एक गोष्ट जास्त छळते. सुवर्णानं टाच मारली तेव्हा ती दोन्ही माईकवर आली. पाळण्यातल्यावर बारीक, पण आली. साहजिक आहे, टाच वाजली की हवेतही आवाज होतो, आणि हवा पाळण्याला विचारत नाही. हळू मारायला लावली, जोरात मारायला लावली, चादर टाकून मारायला लावली. दर वेळी थोडं का होईना, दोन्हीकडं. त्या दुपारचा ताल मात्र एकाच माईकवर आहे. हवेत तो नव्हताच. खोलीत बसून मला ऐकू आला नाही, हेडफोनमध्ये आला नाही, तो फक्त दगडात होता.

सुवर्णा चौकटीशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, “वरून मारल्यावर हवेत जाणारच की. खालनं मारल्यावर?”

मी मागं वळून बघितलं. मागच्या दारातून तो लिंब दिसत होता. घराची जमीन आणि त्याची जमीन एकच आहे, मध्ये बांधसुद्धा नाही.

शास्त्र शिकलेल्या दोघा-तिघांना मी दोन्ही फायली ऐकवल्या, नावं न सांगता. एकानं वायरीवर शंका घेतली, एकानं रेकॉर्डरवर. दोन्ही तपासून झालं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा, मी प्रामाणिकपणे सांगते, मला पाइप सापडला तर हवाच आहे. अजून तरी सापडलेला नाही. आणि सापडला तरी फरशी वाजवून बघितली त्याच दिवशी एक गोष्ट झाली, तिचं काय करायचं हे मला कळत नाही.

मावशी उठून बाहेर आली. मी तिला ऐकवायला म्हणून पद तयार करून नेलं होतं — पाळण्यातलं, स्वच्छ केलेलं. टाचेचं तिला आम्ही सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं नाही असंच ठरलं होतं. ती खुर्चीत बसली, पाय फरशीवर. मी तिच्या कानांवर हेडफोन चढवला आणि लावलं.

स्वतःचा गेलेला आवाज ऐकताना माणूस कसा दिसतो, ते मी सांगू शकणार नाही. सुवर्णा तर चुलीकडं निघून गेली. मावशी शेवटपर्यंत हलली नाही. शेवटची ओळ संपली. मी हेडफोन काढायला हात पुढं केला, तर तिनं माझं मनगट धरलं. माझ्याकडं बघितलं. आणि टाचेनं फरशीवर दोनदा मारलं.

राहिलं. मागं जा.

मला वाटलं पुन्हा ऐकायचंय. तेच परत लावलं. ती शांतता आली, ओळ आली, पद संपलं. पुन्हा दोनदा. या वेळी जरा जोरात, लहानपणी मी ताट न धुता उठले की बघायची तसं बघत. मी सुवर्णाकडं बघितलं. ती दारात उभी होती. तिनं ‘लाव’ म्हणून मान हलवली.

मग मी दुसरी फाइल लावली. साफ न केलेली, क्लिपमधल्या माईकची.

दुसऱ्या ओळीला मावशीच्या खांद्यातला ताण गेला. पदराच्या टोकाशी तिचं बोट ताल धरायला लागलं. ती शांतता आली तेव्हा बोट थांबलं. माझ्या कानाला काही ऐकू येत नव्हतं, हेडफोन तिच्या कानांवर होता, पण कुठं काय येणार हे मला पाठ होतं. त्या जागी तिनं चौकटीकडं मान वळवली आणि ‘बरं’ म्हटल्यासारखी हलवली. शेवटची ओळ संपली. तिनं स्वतःच हेडफोन काढून माझ्या हातात दिला.

मी तिच्या पायाकडं बघत बसले होते. टाच हलली नाही.